उजळणी कोणाची?

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका घरगुती कामासाठी अहेरीकडे जाणे झाले. परतताना आलापल्लीच्या बसस्थानकावर गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाजूच्या बाकावर कानात हेडफोन घातलेला एक तरुण मांडीवरच्या वहीत काहीतरी उतरवून घेत होता. मध्येच त्याने वर पाहिले, हेडफोन काढले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इकडच्या बँकेत होते ना जी? माझे बाबा अजून तुमचं नाव काढतात."

बाबांचे नाव सांगितल्यावर ओळख पटली. हा मुलगा आता दक्षिण गडचिरोलीतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए. झाला आहे, सेट उत्तीर्ण आहे. पण नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचे मानधन. दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, आजारपण, सगळे बिनपगारी. कानात काय ऐकत होतास, असे विचारले तर म्हणाला, "ट्रेनिंग चालू आहे साहेब. दोन आठवड्यांचं, ऑनलाइन. आमच्या गावात टॉवर धड भेटत नाही, म्हणून रोज दुपारी इथं येऊन बसतो."

त्या दिवशीचा विषय होता भारतीय ज्ञानपरंपरा. पोराने मला वही दाखवली. उजव्या पानावर व्याख्यानाची टिपणे होती. डाव्या पानावर झाडांची नावे होती, एका रकान्यात मराठी आणि दुसऱ्यात माडिया. "वर्गातल्या पोरांनी सांगितली," तो म्हणाला. "मला पंधरा माहीत होती. त्यांना साठ-सत्तर येतात."

गाडी यायला तासभर होता. त्या तासात झालेल्या बोलण्याने माझ्या डोक्यात जो भुंगा सोडला तो अजून गेलेला नाही. प्राध्यापकाने शिकत राहावे याबद्दल दुमत कोणाचेच नाही. प्रश्न असा की त्याने शिकायचे कोणाकडून, आणि त्या शिकण्याची नोंद कोणत्या वहीत व्हायची?

थोडे मागे जाऊ. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक चांगली गोष्ट मान्य केली. प्राथमिक शिक्षकाला अध्यापनाचे प्रशिक्षण लागते, मग महाविद्यालयात शिकवणाऱ्याला ते का नको? पदव्युत्तर परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला माणूस शिकवूही शकतो, हे आपण गृहीतच धरले होते. त्या धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. नव्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी घडी बसली. नागपूर विद्यापीठातही असे कॉलेज आले आणि तेव्हा त्याच विद्यापीठात असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्राध्यापकांची नागपूरवारी सुरू झाली.

त्या वारीला नावे ठेवणारा मी नाही. सिरोंचाहून नागपूर म्हणजे साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता कुठे आणि किती दिवस बंद पडेल याचा नेम नसे. अशा गावाहून आलेला प्राध्यापक तीन आठवडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायचा, आपल्याच विषयाच्या दुसऱ्या गावच्या माणसाबरोबर एका खोलीत राहायचा, रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा. माझे एक प्राध्यापक स्नेही सांगत, की व्याख्याने विसरलो, पण खोलीतल्या जोडीदाराने दिलेली पुस्तकांची यादी पुढे दहा वर्षे पुरली.

मात्र या वर्गांची गाठ पदोन्नतीशी बांधली गेली आणि हळूहळू ज्ञानापेक्षा प्रमाणपत्राला भाव आला. २०१० च्या नियमांनी तर प्रत्येक कामाला गुण लावले. चर्चासत्राला गुण, निबंधाला गुण, उजळणीला गुण. पुढे २०१५ मध्ये स्टाफ कॉलेजांचे नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०१८ मध्ये 'स्वयम्' या संकेतस्थळावर घरबसल्या उजळणीची सोय आली, आणि २०२३ पासून ही सारी व्यवस्था पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाच्या योजनेखाली आहे. पाट्या बदलल्या. ऑनलाइन वर्गामुळे सिरोंचाच्या माणसाचा प्रवास वाचला, हेही कबूल केले पाहिजे. पण खोलीतला जोडीदार आणि ग्रंथालय दोन्ही गेले.

बँकेत आम्ही काही वेगळे नव्हतो. १९८७ साली माझी एटापल्लीच्या बाजूला बदली झाली, त्याआधी बँकेने मला ग्रामीण कर्जपुरवठ्याच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. परतफेडीचा हप्ता पीक हाती आल्यावर घ्यावा, म्हणजे जानेवारी ते मार्च, हे मी पाठ करून आलो होतो. बैलजोडीसाठी कर्ज घेतलेल्या एका माडिया शेतकऱ्याला मी त्याच हिशेबाने हप्ता बांधून दिला. मार्च गेला, पैसे आले नाहीत. मी मराठीत छापलेल्या दोन नोटिसा पाठवल्या. त्याला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊकही नव्हते. थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले.

आमच्या शाखेतला दप्तरी गोंड होता. तो एक दिवस म्हणाला, "साहेब, यादी पाठवू नका. मे महिन्यात फळीवर चला." फळी म्हणजे तेंदूपत्ता मोजून घेण्याची जागा. गेलो. बायाबापड्या, पोरे, म्हातारे पहाटेपासून तोडलेली पाने बांधत बसले होते. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, हा हिशेब मी तिथे शिकलो. त्या भागात धान खायला पिकते, विकायला फारसे उरत नाही. रोख पैसा हातात येतो तो उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा. आमचा थकबाकीदार तिथेच भेटला आणि आठवडाभराने शाखेत येऊन त्याने वर्षाची सगळी रक्कम एकदम भरली. चूक त्याची नव्हतीच. मला त्याचे पंचांग माहीत नव्हते. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मात्र माझ्या सेवापुस्तिकेत होते. त्या दप्तऱ्याने दिलेल्या शिक्षणाची नोंद कुठेच झाली नाही.

म्हणून मला वाटते, की प्राध्यापकांच्या उजळणीचा प्रश्न मूळचा नोंदीचा आहे. व्यवस्था ज्याची नोंद करते तेच माणसे शिकतात.

याबाबतीत आपल्या शेजारीच घडलेला एक जुना प्रयोग आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मारलवाई नावाचे गोंडांचे खेडेही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. १९४० मध्ये कोमराम भीमचे बंड गोळ्या घालून मोडल्यावर, हे लोक बिथरले का, याचा शोध घ्यावा असे निजाम सरकारला वाटले. त्यासाठी आलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ मारलवाईत राहिले, आणि १९४३ साली तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. जेमतेम अक्षरओळख असलेल्या गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. गोंडीतली पहिली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. या कामात सेतुमाधवराव पगडी होते. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण अधिकारी असताना त्यांनी गोंडी शिकून घेतली आणि तिचे व्याकरण लिहिले, हे आपल्या फारसे ध्यानात नसते. शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याची भाषा शिकावी, एवढा साधा नियम तिथे पाळला गेला.

आज आपल्या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ आहे. २०११ साली ते नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती अशा तालुक्यांतून घरातली पहिलीच शिकलेली मुले पदवीच्या वर्गात येऊन बसतात. काहींच्या घरी माडिया, काहींच्या घरी गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीबोली. पुस्तकातली मराठी यातल्या अनेकांना दुसरी नाही तर तिसरी भाषा आहे. पहिल्या वर्षी गप्प बसणारा मुलगा मठ्ठ आहे की त्याला प्रश्नच कळलेला नाही, हे ओळखण्याचे शिक्षण त्याच्या प्राध्यापकाला कोणी दिले? ते न मिळाल्याची किंमत मुलगा मोजतो. तो नापास होतो, गावी परततो, आणि आमच्या त्या यादीसारख्याच एखाद्या यादीत त्याचे नाव चढते.

शिकवू शकणारी माणसे तर इथेच आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट नावाची रीत घातली. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसत, एकेक विषय खणून काढत. निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा; अभ्यासगटाने फक्त समजून घ्यायचे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे असा अनेक वर्षांचा अभ्यास होता. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावची' हे पुस्तकच त्यावर लिहिले. याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांच्या न सांगितलेल्या आजारांचा अभ्यास केला. १९८९ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगाला दखल घ्यावी लागली. जागतिक दर्जाचे संशोधन करायला गडचिरोली सोडावी लागत नाही, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

मग दरवर्षी एक उजळणी वर्ग अशा गावांतून का होऊ नये? अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ग्रामसभेचा बांबूचा आणि तेंदूचा जमाखर्च वाचावा. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने वैदूबरोबर जंगल फिरावे. भाषेच्या प्राध्यापकाने तीन आठवड्यांत निदान शंभर वाक्ये माडिया बोलायला शिकावे. शिकवणाऱ्या गावकऱ्यांना पाहुण्या व्याख्यात्याइतकेच मानधन मिळावे आणि प्राध्यापकाच्या वहीची नोंद गुणांच्या तक्त्यात व्हावी.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की याचे वनभोजन होईल. होऊ शकते, सभागृहातल्या वर्गांतही सही करून पळणारे असतातच. गाव कडक परीक्षक असते, कोण खरोखर शिकायला आला हे त्याला दुसऱ्या दिवशी कळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पदार्थविज्ञानाच्या किंवा गणिताच्या प्राध्यापकाने मेंढ्यात काय शिकावे? खरे आहे. त्याला चांगली प्रयोगशाळा हवी, नवे ग्रंथ हवेत, पगारी रजा घेऊन महिनोन्‌महिने संशोधन संस्थेत राहण्याची सोय हवी. जंगलातला प्राध्यापक म्हणून त्याला नुसते जंगलच शिकवणे हाही अन्यायच. दोन्ही वाटा खुल्या हव्यात.

पण सर्वांत आधी आलापल्लीच्या बाकावरच्या त्या मुलाचा विचार व्हायला हवा. पदभरती वर्षानुवर्षे रखडल्याने अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका शिक्षकांवर चालतो. प्रशिक्षणाचे दार नियमाने त्यांना अगदी बंद नाही. पण तास बुडाला की मानधन बुडते. मग तीन आठवडे कोण जाणार? आणि गेला तरी त्याला बढती कुठली? जो वर्गात सर्वाधिक उभा राहतो त्याच्याच शिकण्याची सोय सर्वांत कमी, हा उलटा हिशेब आहे. बँकेत असा ताळेबंद आला असता तर मी सही केली नसती. प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन तासिका शिक्षकाला मिळावे, एवढा एक निर्णय झाला तरी पुष्कळ फरक पडेल.

गाडी आली तेव्हा मुलाने वही मिटली. मी त्याला म्हटले, "तुझं खरं काम डाव्या पानावरचं आहे."

तो हसला. "ते खरं आहे साहेब. पण सर्टिफिकेट उजव्या पानाचं भेटते."

गाडीत बसल्यावर मला आमचा दप्तरी आठवला. त्याने मला जे शिकवले त्याबद्दल निवृत्तीच्या भाषणातही मी त्याचे नाव घेतले नव्हते.