अकरावीच्या गणितात शिरताना

अकरावीची पहिली चाचणी झाली, की पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येतं. 'दहावीला गणितात ९५ होते हो याला, मग आता काय झालं?' मूल तेच, विषयही तोच. मग दोन-तीन महिन्यांत बिघडतं कुठं? अकरावी सायन्सच्या बीजगणितात आणि त्रिकोणमितीत काय बदलतं, ते आज पाहू. पालकांनीही ऐकावं, कारण ओरडा त्यांचाच बसतो.

आधी त्रिकोणमिती. दहावीतला कोन काटकोन त्रिकोणाच्या आत सुखरूप असतो. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन. झाडाची उंची काढायची, दीपगृहावरून दिसणाऱ्या जहाजाचं अंतर काढायचं, की झालं. अकरावीत हा त्रिकोण अपुरा पडतो आणि त्याच्या जागी एक एकक त्रिज्येचं वर्तुळ येतं. जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांपुढे आणा. पाळणा मधल्या आसापासून किती वर आहे, ते साइन. किती उजवीकडे आहे, ते कोसाइन. आता कोन १५० अंशांचा झाला तर? पाळणा अजून आसाच्या वर आहे, म्हणून साइन धन, अर्धा. पण तो डावीकडे गेला आहे, म्हणून कोसाइन ऋण. मुलं विचारतात, 'सर, बाजूची लांबी ऋण कशी असेल?' प्रश्न अगदी रास्त आहे. ती आता बाजू राहिलेलीच नाही, ते बिंदूचं स्थान आहे. एवढं पटलं, की कुठल्या चरणात कुठलं चिन्ह याची यादी घोकावी लागत नाही. बऱ्याच क्लासांत मात्र यादी आधी येते आणि पाळणा कधीच येत नाही.

दुसरा धक्का रेडियनचा. २०१९ साली आलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तर पहिलंच प्रकरण कोनाच्या मापनाचं आहे. त्रिज्येएवढा दोरा कापा आणि वर्तुळाच्या कडेवर बसवा. त्या दोऱ्याने केंद्रापाशी जो कोन होतो, तो एक रेडियन. अंशांत मोजला तर सुमारे ५७ अंश १८ कला, म्हणजेच ३४३८ कला. आता गंमत पाहा. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांचं कोष्टक दिलं, ते ३४३८ हीच त्रिज्या धरून! 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच 'जीवा'ही म्हणत. हा शब्द अरबीत गेला. तिथे स्वर लिहीत नसल्याने पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे अंगरख्याचा खोळगा. हिंदीतला 'जेब' त्याचाच भाऊबंद. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर 'सायनस' झालं आणि त्यातून आला आपला साइन. आपलीच ज्या परकं नाव घेऊन परत आली आणि मुलं तिला घाबरतात!

बीजगणितात गोष्ट थोडी वेगळी. दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण आला, की 'मुळे वास्तव संख्या नाहीत' असं लिहून आपण सुटतो. अकरावीत तिथूनच पुढे जायचं असतं. ज्या संख्येचा वर्ग उणे एक, तिला 'आय' म्हणायचं आणि नेहमीच्या नियमांनी तिच्याशी बेरीज-गुणाकार करायचा. या संख्यांना काल्पनिक म्हणतात, ते नाव मला तरी फसवं वाटतं. घरातल्या विजेचा दाब साइनच्या लहरीप्रमाणे सेकंदाला ५० आवर्तनं करतो. त्याचे हिशेब इंजिनीअर याच संख्यांनी करतात.

खरे गुण जातात मात्र जुन्याच ठिकाणी. अंश-छेदातली पदं वाटेल तशी खोडायची, कंस सोडवताना चिन्ह विसरायचं. आणखी एक आवडती चूक म्हणजे दोन कोनांच्या बेरजेचा साइन हा दोन साइनांची बेरीज मानणं. ३० अंशांचा साइन ०.५, ६० अंशांचा ०.८६६, बेरीज १.३६६. पण साइन एकच्या वर जातच नाही, आणि ९० अंशांचा तर बरोबर एक आहे. सूत्र लिहिण्याआधी असे दोन आकडे घालून पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण आणखी निराळी. गणित येत असतं, पण फळ्यावरचा कोइफिशंट म्हणजे आपला सहगुणक, हे कळेपर्यंत सर पुढच्या पायरीवर गेलेले असतात. अशा मुलांना मी दोन स्तंभांची वही करायला सांगतो. डावीकडे नवा शब्द, उजवीकडे दहावीच्या पुस्तकातला. शब्द फार नाहीत, शंभरेक होतील. डिनॉमिनेटरपुढे छेद, पॉलिनॉमिअलपुढे बहुपदी. डिटरमिनंटपुढे निश्चयक लिहिलं, की क्रेमरच्या पद्धतीने सोडवलेली एकसामयिक समीकरणं आठवतात. तीच इथे पुन्हा येतात, फक्त दोन ओळींच्या जागी तीन ओळी असतात.