नेम कोणाचा चुकतो?

गोळी निशाणावर बसली नाही, म्हणजे संशय तिघांवर घेता येतो : बंदूक धरणाऱ्या माणसावर, बंदुकीवर आणि काडतुसावर. वहिवाट अशी की, आळ पहिल्याने माणसावर येतो. बंदुकीला आणि काडतुसाला तोंड नसते. माणसाला असते, पण त्याचे ऐकून घेण्याची सवड कोणाला नसते. आमचा सारा जन्म कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्यात आणि मांडण्यात गेला. बिघडलेल्या कापडापायी पगार कापला जातो, पण सूत कसे आले होते हे कोणी पाहात नाही, ही मुंबईच्या विणकरांची जुनी तक्रार होती. म्हणून माल, यंत्र आणि माणूस यांचे दोष एकमेकांपासून निवडून काढण्याची रीत जेथे आढळेल, तेथे आम्ही कान देऊन ऐकतो. नेमबाजीच्या खेळात ती फार चोख आढळली. शाळेतले शिक्षण आमच्या वाट्याला थोडे आले. तेव्हा जाणत्यांना विचारून आणि पाहून जे समजले, ते सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

प्रथम खेळाची ओळख. पॉइंट २२ च्या रायफलीने ५० मीटरवरील निशाणावर गोळ्या झाडावयाच्या. निशाणाच्या मध्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलीमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. गोळी स्वतः ५.६ मिलीमीटर जाडीची. छिद्राची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली, तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छिद्राचा मध्य निशाणाच्या मध्यापासून ८ मिलीमीटरपर्यंत सरकला तरी दहा गुण पदरात पडतात. पण अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजतात. तेथे दर ०.८ मिलीमीटरला दशांश गुण कमी होतो आणि १०.९ हा सर्वांत मोठा गुण ठरतो.

या खेळात महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. त्या वेळी ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या नोकरीत होते. पात्रता फेरीत त्यांचे ६०० पैकी ५९० गुण झाले आणि ते सातवे आले. अंतिम फेरीत त्यांनी ४५१.४ गुण मिळविले. जेथे दशांश गुणांवर निकाल फिरतात, तेथे काडतुसाचा वाटा किती, हा प्रश्न पोकळ राहात नाही.

आता काडतूस उघडून पाहू. पितळेची एक छोटी नळकांडी असते. तिच्या बुडाची कड बाहेरच्या बाजूस दुमडलेली आणि आतून पोकळ असते. आघाताने पेट घेणारा मसाला ओला असताना नळकांडीत घालतात आणि ती गरगर फिरवितात. ताक घुसळताना ते जसे भांड्याच्या कडेला चढते, तसा हा मसाला फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जाऊन त्या पोकळ कडेत बसतो. तो वाळल्यावर वर दारू पडते; तिचे वजन एका गुंजेहूनही कमी. मग सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी तोंडाशी बसवून, पितळ किंचित आवळून ती पकडतात. गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण लावलेले असते. चाप ओढला की रायफलीतील पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेटतो. कडेवर पेटते म्हणून याला रिमफायर म्हणतात.

या रचनेत अडचणीचे मूळ आहे. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नाही, दारूचे दोन कण इकडे तिकडे झाले, गोळी कमीअधिक घट्ट बसली, की दोन काडतुसे सारखी राहिली नाहीत. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात मसाल्याची टोपी वेगळी असते. ती बदलून, हवी तेवढी दारू मोजून, जाणता नेमबाज आपली काडतुसे घरी भरू शकतो. रिमफायरच्या नेमबाजाला हे जमत नाही. कारखान्याने जसे दिले तसे त्याने वापरावयाचे. त्याच्या हाती एकच गोष्ट उरते. ती म्हणजे निवड.

थोड्याशा फरकाने असे काय बिघडते? हिशेबच करून पाहू. ही गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. हा वेग ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी आहे, आणि तो मुद्दाम तसा राखतात. कारण अधिक वेगाने निघालेली गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डळमळते. ५० मीटर जाण्यास तिला सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही. पण तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. रायफलीची दुर्बीण किंवा माशी हे अंतर धरूनच लावलेली असते. आता एखादी गोळी सेकंदाला १० मीटरने मंद निघाली, तर ती जवळजवळ ७ मिलीमीटर अधिक खाली लागेल. दहाच्या वर्तुळाचे सारे माप ध्यानात घेतले, म्हणजे हा फरक केवढा, ते उमजेल.

दुसरा हिशेब गोळीच्या तोलाचा. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीला भोवऱ्यासारखी गती मिळते; बहुतेक रायफलींत साधारण ४१ सेंटिमीटरला एक फेरा, म्हणजे सेकंदाला आठशेहून अधिक फेरे. गोळीच्या वजनाचा मध्य तिच्या आसापासून मिलीमीटरच्या शंभराव्या भागाने जरी सरकला, तरी नळीबाहेर पडताच ती बाजूला फेकली जाते, आणि ५० मीटरवर हा फरक सुमारे ८ मिलीमीटरचा होतो. शिसे मऊ धातू आहे. बुडाला बारीकशी खोक पडली तरी एवढे घडू शकते. माणसाचा हात किंचितही न हलता असे घडते, हे विसरता कामा नये.

येथवर दोष काडतुसाचा झाला. पण काडतूस एकटे चांगले किंवा वाईट नसते, ही या शास्त्रातील मौजेची गोष्ट आहे. प्रत्येक नळीचे आतले माप सूक्ष्म प्रमाणात निराळे. काडतूस बसते ती जागा निराळी. गोळी सुटताना नळीला बसणारा कंप निराळा. त्यामुळे एका रायफलीत उत्तम चालणारा माल शेजारच्या, त्याच कारखान्याच्या रायफलीत मध्यम चालतो. आणि माल म्हणजे नुसते छापाचे नाव नव्हे. आचारी तोच, कढई तीच, पण पहिल्या घाण्याची जिलबी आणि चौथ्या घाण्याची जिलबी जशी वेगळी होते, तसे एकाच नावाच्या काडतुसांचे लॉट वेगवेगळे असतात. म्हणून डब्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. नेमबाजाने खरेदी करताना नावाआधी तो क्रमांक वाचावा. महाग डबा आपल्या नळीला मानवेलच असे नाही. स्वस्तातला एखादा लॉट तीत अधिक चोख चालल्याची उदाहरणेही जाणते सांगतात.

मग परीक्षा कशी करावयाची? इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे एली कंपनीच्या आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआ कंपनीच्या परीक्षाशाळा आहेत. नेमबाज आपली रायफल तेथे नेतो. तिचा दस्ता उतरवून नळी आणि यंत्र लोखंडी पकडीत घट्ट आवळतात. म्हणजे माणूस बाजूला झाला. गोळी बंदिस्त जागेतून जाते; म्हणजे वारा बाजूला झाला. रायफल तीच राहिली. बदलत राहतो तो फक्त लॉट. प्रत्येक लॉटमधून दहा दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप झाडतात, म्हणजे एकाच जागी रोखून मारलेल्या छिद्रांचे पुंजके. जो लॉट सर्वांत आटोपशीर पुंजका सातत्याने देतो, त्याची काडतुसे नेमबाज वर्षभराच्या बेगमीची एकदम विकत घेतो. कारण तो लॉट संपला की पुन्हा तसाच मिळत नाही.

आपल्या इकडच्या साध्या नेमबाजाला हे कोठून परवडणार? त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. ती मंजूर नेमबाजी केंद्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच चालावयाची. कारण ही रायफल परवान्याचे हत्यार आहे. वारा पडलेला असेल अशा सकाळी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी. लॉट बदलला की पहिल्या दहापंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत. आधीच्या काडतुसाचे वंगण नळीतून जाऊन नव्याचे बसण्यास तेवढ्या लागतात. सारा एक लॉट आधी आणि सारा दुसरा नंतर, असे करू नये. शेवटी हात थकतो आणि थकव्याचा दोष दुसऱ्या लॉटच्या माथी बसतो. आलटून पालटून झाडावे. डब्यांवर कागद चिकटवून क, ख, ग अशी अक्षरे घालावी आणि कोणत्या अक्षराखाली कोणता डबा, हे एका मित्रालाच ठाऊक असावे. महागड्या डब्याची काडतुसे हाती आहेत हे कळले की मनुष्य नकळत अधिक सांभाळून झाडतो. आणि वहीत सर्व टिपावे : तारीख, ऋतू, ऊन, लॉट, प्रत्येक ग्रुपचे माप. थंडीत वंगण घट्ट होते. तेव्हा जानेवारीतला निकाल मे महिन्यात पुन्हा तपासावा.

यात सर्वांत मोठा धोका घाईचा. पाच गोळ्या एकाच छिद्रात गेल्या की लोक तो कागद चौकटीत लावून ठेवतात. पण पाच गोळ्या दैवाने जवळ पडू शकतात. तीच रायफल, तोच लॉट, तोच हात असताही पाच गोळ्यांचा एक ग्रुप लहान आणि लगेच पुढचा दीडपट मोठा येणे ही नित्याची गोष्ट आहे. शिवाय ग्रुपचे माप सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर घेऊन काढले, तर दहांपैकी आठ गोळ्यांची साक्ष वाया जाते. म्हणून प्रत्येक छिद्र ग्रुपच्या मध्यापासून किती दूर, ते मोजून सरासरी काढावी. आणि दर लॉटमागे तीसचाळीस गोळ्या तरी झाडाव्या. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. दहा अगदी सारखे लॉट घेतले, तरी त्यांतला एक कोणीतरी पहिला येणारच. तेवढ्यावर त्याला हार घालू नये. पहिल्या दोघातिघांना नव्या डब्यांनिशी पुन्हा उभे करावे. दुसऱ्या खेपेसही जो पुढे राहील, तो खरा.

आमच्या परिचयाच्या एका कामगाराची मुलगी नेमबाजी शिकते. तिचे गुण एकाएकी उतरले. अभ्यासात लक्ष नाही, मन थाऱ्यावर नाही, असे जो तो बोलू लागला; तीही तसे मानू लागली आणि खेळ सोडण्याच्या गोष्टी करू लागली. तिच्या गुरूंनी वही मागितली. गुण उतरले त्याच आठवड्यात डब्यावरचा लॉट बदलला होता. जुन्या लॉटची उरलेली काडतुसे आणि नवी, अशी दोन्ही वाळूच्या पिशव्यांवरून, न सांगता, आलटून पालटून झाडली. नव्या लॉटचा पुंजका प्रत्येक वेळी उभा पसरला. मुलगी निर्दोष ठरली. त्याच केंद्रावरचा एक तरुण मात्र दर स्पर्धेनंतर काडतुसांना शिव्या देई. त्याच्या रायफलीची हीच परीक्षा झाली, तेव्हा पिशव्यांवरून ती काडतुसे चांगली निघाली; चाप ओढताना खांदा सरकत होता. त्याने ते मुकाट्याने मान्य केले आणि सहा महिने चाप ओढण्याचीच तालीम केली.

या दोन्ही निकालांना आम्ही सारखीच किंमत देतो. परीक्षा ही केवळ आपल्या माणसाला सोडविण्यासाठी नसते. ती सत्य ठरविण्यासाठी असते, आणि तिचा निकाल विरुद्ध गेला तरी मानावा लागतो. हे मानण्याची तयारी नसेल, तर परीक्षा मागण्याचा अधिकारही उरत नाही. पण परीक्षा न करताच ज्याच्या हाती हत्यार त्याचा दोष, असे म्हणणे हा न्याय नव्हे. तो आळस आहे. तीस गोळ्या, एक वही, कागद चिकटविलेले दोन डबे आणि एक प्रामाणिक मित्र, एवढ्या सामग्रीवर एका मुलीचा खेळ वाचला. कारखान्यात काय, शाळेत काय, घरात काय, कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी एवढी सामग्री जमविणे आपणांस जड जाऊ नये.