कडक नियम कुणासाठी?

कॉलेजातल्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात अपेक्षा कमी ठेवल्या की मुलं टिकतात, असं सर्रास मानलं जातं. ऑक्सफर्डचा इतिहास वेगळं सांगतो. 1729 च्या सुमारास जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंभोवती जमलेला ‘होली क्लब’ बुधवारी-शुक्रवारी उपवास करी, तुरुंगात कैद्यांना भेटे. बाकीचे विद्यार्थी टिंगल करत. गट लहानच राहिला, पण त्यातूनच जॉन, चार्ल्स आणि जॉर्ज व्हाइटफील्ड घडले, मेथडिस्ट चळवळ उभी राहिली.

अशा शिस्तीने माणूस कर्मठ होतो, हा आक्षेप रास्तच. खुद्द जॉनला 1738 पर्यंत त्या काटेकोरपणातून मनःशांती लाभली नव्हती. तरी पुढे त्याने शिस्त सोडली नाही. फक्त ती देवाची कृपा कमावण्याचं साधन उरली नाही. शिस्त माणसं घडवते, पण कृपेची अट बनली की कर्मठपणा येतो. म्हणून अटी गटात येणाऱ्यांवर नकोत, नेतृत्व करणाऱ्यांवर हव्यात.