एका आज्ञावलीतून दुसरीस पाचारण

हुतात्मा राजगुरू यांचे जन्मगाव राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्य ठाणे होय. याच तालुक्यातील चाकण परिसरात १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. वाहन उद्योगात सुटा भाग केवळ घडवून भागत नाही. तो कसोटीस उतरतो किंवा नाही, हेही पाहावे लागते. या कामी संगणकाचे मोठे साह्य होते.

अशा चाचण्यांसाठी अनेक देशांत वापरली जाणारी ‘लॅबव्ह्यू’ ही प्रणाली अमेरिकेतील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८६ मध्ये प्रसृत केली. तिच्यात आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, शब्दांनी लिहावयाची नसते. पडद्यावर चित्रे मांडून ती रेषांनी जोडावयाची असतात. रेषांतून आवश्यक ती सर्व माहिती पोहोचली, की त्या चित्राचे कार्य सुरू होते.

समजा, एका चाचणीयंत्रावर वीस प्रकारचे भाग तपासावयाचे आहेत. सर्व चाचण्या एकाच आज्ञावलीत कोंबल्यास ती अवजड होते आणि एक चाचणी बदलताना दुसरी बिघडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक भागाची आज्ञावली स्वतंत्र ठेवावी आणि मुख्य आज्ञावलीने जरूर तीच उघडून चालवावी, हे श्रेयस्कर.

याच्या पायऱ्या तीन. प्रथम फाइलचा पत्ता देऊन ती उघडावयाची; मग तिला माहिती पुरवून चालवावयाची; काम आटोपताच ती बंद करावयाची. बंद न केल्यास संगणकाची स्मृती विनाकारण अडून राहते.

चालविण्याचे प्रकार दोन. पंचायत समितीने ग्रामपंचायतीकडून अहवाल मागविला, तर उत्तर येईपर्यंत थांबता येते किंवा पत्र धाडून पुढील कामास लागता येते. येथेही तसेच आहे. भागाचा निकाल हवा असेल तर मुख्य आज्ञावलीने थांबलेच पाहिजे. तापमानाची अखंड नोंद ठेवावयाची असेल तर दुसरी आज्ञावली सुरू करून देऊन पहिलीने पुढे जावे.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. आकृतीत प्रत्यक्ष मांडलेली उपआज्ञावली अंतिम संच बांधताना आपोआप त्यात येते. केवळ पत्त्याने बोलावलेली आज्ञावली मात्र संच बांधणाऱ्या साधनाला दिसत नाही. ती आपण होऊन समाविष्ट करावी लागते. हे राहिले, तर तयार करणाऱ्याच्या संगणकावर सारे सुरळीत चालते आणि कारखान्यात पोहोचताच फाइल सापडत नाही.

अशा वेळी दोषसूचनेकडे दुर्लक्ष झाले, तर न तपासलेला ब्रेकचा भागही पुढे सरकण्याचा धोका असतो. म्हणून निकाल आला नाही, याचा अर्थ भाग उत्तीर्ण झाला, असा कदापि धरू नये. तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर चित्रांच्या जोडणीइतकाच हा नियमही बिंबविला पाहिजे. त्या ब्रेकवर भरवसा ठेवून उद्या कोणी तरी रस्त्यावर उतरणार असते.