छातीशी बांधलेला सुरुंग

१९७१च्या मार्चअखेरीस पाकिस्तानी नौदलाची 'मांग्रो' ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात होती आणि तिच्यावरचे खलाशी ती चालवायला शिकत होते. त्यांत तेरा जण बंगाली होते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली. ही बातमी कळल्यावर काही दिवसांतच त्यांच्यातले नऊ जण बंदरातून निसटले. एकाने वाटेत लंडन गाठलं. उरलेल्या आठांनी माद्रिदच्या भारतीय वकिलातीचं दार ठोठावलं आणि एप्रिलमध्ये ते भारतात आले. घरदार पूर्व पाकिस्तानात, अंगावर फितुरीचा शिक्का, आणि परतलो तर मृत्यू ठरलेला, हे त्या आठांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्यांना हाताशी धरून काय उभं करता येईल, याचा विचार दिल्लीच्या नौदल मुख्यालयात सुरू झाला. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि नौदल गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन रॉय यांनी ही जबाबदारी एका मराठी अधिकाऱ्यावर सोपवली. कमांडर मोहन नारायणराव सामंत हे पाणबुडी शाखेतले. १९६९ साली सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात 'करंज' ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. सामंतांचं नाव महाराष्ट्रात आजही फार थोड्यांना माहीत आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

घाव घालण्यासाठी पूर्व पाकिस्तानातली बंदरंच का निवडली, हे कळण्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. फेब्रुवारीपासून भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानं जाऊ देणं बंद केलं होतं. पूर्वेकडच्या फौजेचा दारूगोळा, इंधन, धान्य हे सगळं कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून जहाजांनी यायचं. उलट दिशेने जायचा ताग, आणि तागावर पाकिस्तानला परकी चलन मिळायचं. चितगाव आणि मोंगला ही सागरी बंदरं, चांदपूर आणि नारायणगंज ही नदीबंदरं. या चार ठिकाणी घाव बसला, तर फौजेची रसद आणि सरकारची मिळकत दोन्ही एकदम तुटणार होती. पण भारत उघडपणे युद्धात उतरलेला नव्हता. त्यामुळे घाव घालणारे हात बंगालीच असायला हवे होते.

मे महिन्यात भागीरथीच्या काठी, प्लासीजवळ, एक छावणी उभी राहिली. १७५७ साली सिराजउद्दौला जिथे हरला, तीच ही जागा. निर्वासितांच्या आणि तरुणांच्या छावण्यांमधून मुलं निवडली गेली. बरीचशी शाळा-कॉलेजातली, काही शेतकऱ्यांची. पहिली अट पोहता येण्याची. दुसरी अट जास्त कठीण होती. आपण स्वखुशीने जिवावर उदार होत आहोत आणि आपलं काही बरंवाईट झालं तर कुणाला जबाबदार धरणार नाही, अशा कागदावर सही करायची. तीनशेच्या आसपास मुलांची पहिली तुकडी तयार झाली. तुलाँहून आलेले आठ जण त्यांचे म्होरके झाले.

या प्रशिक्षणाचं मर्म मला एका गोष्टीत दिसतं. शिपायाला पाणी शिकवण्यापेक्षा पाण्यात वाढलेल्या पोराला शिपाईगिरी शिकवणं सोपं, हे सामंत आणि छावणीचे प्रशिक्षण अधिकारी लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांनी ओळखलं. पूर्व बंगालचं मूल चालायला लागतं न लागतं तोच पाण्यात उतरतं. त्याला पोहायला शिकवायचं नव्हतंच. शिकवायचं होतं ते आवाज न करता पोहणं, अंधारात दिशा न चुकणं आणि काठावर बंदूकधारी उभा असताना श्वास ताब्यात ठेवणं. एरवी जगभरच्या नौदलांत ज्या तयारीला महिनोन्‌महिने लागतात, ती इथे काही आठवड्यांत उरकायची होती. मुलं दिवसा-रात्री तासन्‌तास नदीत असत. पायाला रबरी पंख, कमरेला सुरी. प्राणवायूची नळकांडी नाहीत की पाणबुड्याचा खास पोशाख नाही.

शस्त्र म्हणजे लिंपेट जातीचा चुंबकी सुरुंग, वजन सुमारे पाच किलो. तो छातीवर ठेवून गमछ्याने घट्ट आवळायचा आणि पाठीवर तरंगत, फक्त नाक-डोळे वर ठेवून, पायांनीच पाणी मारत पुढे जायचं. हात वर आला की पाणी वाजतं आणि पाणी वाजलं की पहारेकरी वळतो. जहाजापाशी पोहोचलं की दम कोंडून बुडी मारायची. तळावर शंख-शिंपल्यांचा आणि शेवाळाचा थर असतो, त्यावर चुंबक धरत नाही. म्हणून आधी सुरीने पत्रा खरवडून काढायचा, मग सुरुंग चिकटवायचा. त्याच्या कळीत पाण्यात विरघळणारी एक गोळी होती. ती अर्ध्या-पाऊण तासात विरघळली की स्फोट. मग जहाज गाठेपर्यंत कळ कोरडी कशी ठेवायची? तिच्यावर कंडोम चढवायचा आणि सुरुंग लावताना तो ओढून काढायचा. ऐकायला साधी युक्ती, पण पोराचं परत येणं तिच्यावरच टांगलेलं होतं.

ऑगस्टमध्ये दीडशेच्या आसपास मुलं चारही बंदरांकडे निघाली. पायी, होडीने, खेडुतांच्या घरांत आसरा घेत. बिनतारी यंत्र जवळ बाळगणं धोक्याचं होतं, म्हणून प्रत्येक म्होरक्याकडे साधा ट्रान्झिस्टर दिला होता. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून पंकज मलिकांचं एक ठरावीक गाणं लागलं की तयारीला लागायचं. त्यानंतर दुसरं ठरलेलं गाणं लागलं की त्याच रात्री घाव घालायचा. लाखो घरांत ती गाणी नेहमीसारखीच ऐकली गेली असतील.

चितगावच्या तुकडीचा म्होरक्या अब्दुल वाहेद चौधुरी हा तुलाँच्या आठांतलाच. साठ जण निघाले होते. वाटेतल्या पहाऱ्यांमुळे वीस जण वेळेत पोहोचलेच नाहीत. उरलेल्या चाळीसांपैकी नऊ जणांनी ऐन वेळी पाण्यात उतरायला नकार दिला. विजयाच्या कहाण्यांतून हे नऊ जण बहुधा गळून पडतात. मला त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. पावसाळ्याने फुगलेली कर्णफुली नदी, समोर बंदराचे झगझगीत दिवे आणि वय जेमतेम विशीचं. उतरले त्या एकतीस जणांचं मोल या नऊ जणांमुळेच नीट कळतं.

१५ ऑगस्टची मध्यरात्र उलटून गेल्यावर, पावणेदोन ते सव्वादोनच्या दरम्यान, चितगाव बंदर एकामागोमाग एक स्फोटांनी हादरलं. 'अल-अब्बास' आणि 'हॉर्मुझ' ही दोन मालवाहू जहाजं आणि 'ओरिएंट' नावाचा एक तराफा बुडाला. त्यांच्यावर १९ हजार टनांच्या आसपास युद्धसामग्री होती. मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजलाही त्याच रात्री स्फोट झाले. पूर्वेत सगळं आलबेल आहे, हा पाकिस्तानचा जगापुढचा दावा एका रात्रीत फोल ठरला आणि परदेशी जहाजं त्या बंदरांत यायला कचरू लागली. पुढे डिसेंबरपर्यंत हे हल्ले चालूच राहिले. त्यांचं मोलही चुकवावं लागलं. तुलाँच्या आठांपैकी अब्दुर रकीब मिया फुलछडी इथल्या मोहिमेत कामी आला.

डिसेंबरात उघड युद्ध पेटलं, तेव्हा सामंत स्वतः नदीत उतरले. कोलकाता बंदराच्या दोन बोटींवर बोफोर्स तोफा बसवून 'पद्मा' आणि 'पलाश' सज्ज झाल्या होत्या. सोबत भारतीय नौदलाची 'पनवेल'. मोंगला ताब्यात घेऊन हा ताफा खुलन्याकडे सरकत असताना, १० डिसेंबरला, भारतीय हवाई दलाच्याच विमानांनी शत्रू समजून 'पद्मा' आणि 'पलाश'वर हल्ला केला. दोन्ही बोटी गेल्या. 'पलाश'च्या इंजिनघरातला रुहुल अमीन बोट सोडायला तयार झाला नाही आणि प्राणाला मुकला. बांगलादेशाने त्याला 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. जखमी झालेल्या चिमन सिंग या भारतीय नौसैनिकाने किनाऱ्यावरून होणारा गोळीबार अंगावर घेत साथीदारांना निसटू दिलं आणि स्वतः शत्रूच्या हाती सापडला. सामंतांनी 'पनवेल' तिथेच थांबवून पाण्यातली माणसं वर घेतली. त्यानंतर 'पनवेल'चे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा यांनी बोट थेट खुलन्यापर्यंत नेली. सामंत, नोरोन्हा आणि चिमन सिंग, तिघांनाही महावीर चक्र मिळालं.

युद्ध संपल्यावर बांगलादेशाचं नौदल पायापासून उभारायचं कामही सामंतांकडेच आलं. प्लासीच्या छावणीबद्दल मात्र पुढची अनेक दशकं भारतात उघड बोललं गेलं नाही. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह सामंतांनी लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी मुंबईत सामंतांचं निधन झालं होतं.