चार आणि तीन

भांड्यावरचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेलबुट्टी येते. पण व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक ग्रीक कुंभ आहे, ज्यावर अख्खी शोकांतिका मावली आहे. दोन कानांचा हा कुंभ सुमारे 61 सेंटीमीटर उंच. इ.स.पूर्व 540 ते 530च्या दरम्यान अथेन्सच्या एक्सेकियासने तो घडवला, रंगवलाही. तशी सही त्याने कुंभावरच केली आहे.

चित्रात ट्रॉयच्या युद्धातले दोन वीर, अकिलीस आणि अजॅक्स, समोरासमोर बसून खेळताहेत. अंगात चिलखत, हातात भाले, नजर मात्र डावावर. दोघांच्या तोंडापाशी एकेक शब्द लिहिला आहे. अकिलीस म्हणतो ‘तेसारा’, म्हणजे चार. अजॅक्स म्हणतो ‘त्रिया’, तीन. आपल्या संस्कृतातल्या ‘त्रि’चा हा सख्खा भाऊच, नाही का?

आकृत्या काळ्या दिसतात, पण तो वेगळा रंग नव्हे. कुंभाचीच माती अगदी बारीक करून, पाण्यात कालवून तिने आकृत्या भरायच्या आणि टोकदार हत्याराने त्यांत रेषा कोरायच्या. मग भट्टीत हवा आधी खेळती, नंतर कोंडलेली, शेवटी पुन्हा खेळती ठेवायची. त्यामुळे आकृत्या काळ्या राहतात, बाकी कुंभ लाल होतो. अकिलीसच्या अंगरख्यावरची नक्षी अशीच कोरलेली आहे, केसासारख्या बारीक रेषांनी.

मला विचाराल तर खरी कमाल त्या दोन आकड्यांची आहे. डाव अकिलीसचा, पण युद्धात आधी मरणार तोच. त्याचं प्रेत रणातून उचलून आणणार अजॅक्स. पुढे अकिलीसची शस्त्रं ओडिसियसला मिळतील आणि त्या अपमानाने अजॅक्स स्वतःच्याच तलवारीवर देह टाकेल. हेही एक्सेकियासनेच दुसऱ्या कुंभावर चितारलं. तो फ्रान्समध्ये, बूलोन-सुर-मेरच्या संग्रहालयात आहे. तिथे एकटा अजॅक्स वाकून मातीत तलवार रोवतो आहे. समोर खेळायला कुणी नाही.

खेळाचा हा प्रसंग होमरच्या ‘इलियड’मध्ये नाही. तरी दोन्ही कुंभ शेजारी ठेवून पाहा. चित्रकाराने ना रडारड दाखवली, ना रक्त. फक्त ‘तीन’ म्हणणारा एक माणूस दाखवला. कथा लिहिताना आपण किती शब्द खर्च करतो, याचा विचार मला तेव्हापासून सतावतो आहे.