पन्नाशी ओलांडली, पण नो मेकअप!

‘१९७० प्लिमथ डस्टर ३४०. पहिलाच मालक. मूळ रंग. मूळ इंजिन. चार गिअर. कायम गॅरेजमध्ये.’

बस्स, एवढीच जाहिरात. ना सनरूफ, ना टचस्क्रीन, ना ‘लिमिटेड ऑफर’. पण जुन्या अमेरिकन गाड्यांच्या दुनियेत यातला एकेक शब्द म्हणजे थेट काळजाला हात! डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या पुणेकर मित्राने ती वाचली आणि रात्री अकराला फोन केला. ‘शनिवारी रिकामा आहेस ना? गाडी बघायला जायचंय.’ मीही कामानिमित्त मिशिगनमध्येच, आणि गाड्यांतलं थोडंफार कळतं अशी माझी (अर्थात मित्रमंडळींतच) ख्याती. म्हटलं, चला!

कॉम्पॅक्ट? कुठल्या अँगलने?

आधी डस्टरची ओळख. अमेरिकेत ही गाडी ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून विकली गेली. लांबी पावणेपाच मीटरच्या वर, म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टाएवढी. दारं मात्र दोनच. बॉनेटखाली ३४० घनइंचांचं, म्हणजे ५.६ लिटरचं व्ही-८ इंजिन. आपल्या हॅचबॅकमधली १.२ लिटरची चार इंजिनं एकत्र केली तरी कमीच पडतील.

हा प्रकार जन्माला आला तो काटकसरीतून. १९६९मध्ये फोर्डने १,९९५ डॉलरची मॅव्हरिक आणली आणि स्वस्त छोट्या गाड्यांच्या बाजारात धमाल उडाली. क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडने मग आपल्या साध्यासुध्या, फॅमिली टाइप व्हॅलियंटचा पुढचा अर्धा भाग तसाच ठेवला आणि मागे उतरत्या छपराची नवी बॉडी जोडली. झाली डस्टर! सहा सिलिंडरची साधी गाडी २,१७२ डॉलरला. त्यावर आणखी ३७५ डॉलर टाकले की ३४० हजर. कागदावर २७५ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक, आणि शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरचा वेग सहा-साडेसहा सेकंदांत.

त्या काळात दांडग्या इंजिनाच्या ‘मसल कार’ घेणाऱ्या तरुण पोरांना विमा कंपन्या हप्ता चढवून सांगायच्या. त्यामुळे हलकी, स्वस्त आणि तितकीच पळणारी डस्टर नुकत्याच नोकरीला लागलेल्यांची लाडकी झाली. १९७०च्या मॉडेल वर्षात दोन लाखांहून जास्त डस्टर विकल्या गेल्या, त्यातल्या जवळपास २५ हजार ३४० होत्या.

मग गेल्या कुठे सगळ्या?

फेरारी घेणारा पहिल्या दिवसापासून तिच्यावर कव्हर घालतो. डस्टरवर कोण घालणार? ती ऑफिसला गेली, सिग्नलला रेस लागली, हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठात भिजली. दुसऱ्या मालकाने इंजिन काढलं, तिसऱ्याने भंगारात घातली. स्वस्त गाडी जपावी असं कुणाला वाटतच नाही. म्हणूनच वाचलेली डस्टर दिसली की माणसं थबकतात.

त्यातही १९७०-७१च्या गाड्यांना मान जास्त. १९७२मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवलं. त्याच वर्षी ताकद मोजायची पद्धतही बदलली आणि आकडा २४०वर आला. १९७३ हे ३४०चं शेवटचं वर्ष. त्याच ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं आणि पेट्रोलपिऊ व्ही-८ची हौस फिटली. १९७६नंतर डस्टर संपली, २००१मध्ये प्लिमथ हे नावही. ‘आमची’ गाडी बनली तो हॅमट्रॅमकचा कारखाना १९८०मध्येच बंद पडला. तिथे पुढे जनरल मोटर्सचा प्रकल्प आला आणि २०२१पासून त्यातून इलेक्ट्रिक हमर बाहेर पडू लागली. काळाचा विनोद, दुसरं काय!

कांदेपोहे, अमेरिकन स्टाइल

शनिवारी गेलो. मालक सत्तरीच्या पुढचे आजोबा, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये नोकरी. तेविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून विकायची. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांना वाटलं, प्लिमथ आम्हाला काय माहीत असणार! मी सांगितलं, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने आमच्या मुंबईत, कुर्ल्याला, क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्यात. आजोबा एकदम खुलले आणि गॅरेजचं शटर वर गेलं.

लाइमलाइट! प्लिमथच्या त्या झगझगीत हिरव्या रंगाचं हेच नाव. बाजूला काळा पट्टा, त्यावर ३४०, आणि मागे धूळ उडवणाऱ्या वावटळीचं कार्टून. जवळ गेल्यावर वय दिसलं. छपराच्या कडेला रंग पातळ झालेला, पट्ट्याला बारीक चिरा, ड्रायव्हरच्या सीटची शिवण दोन बोटं उसवलेली.

‘रंग मारून घेतला की कडक दिसेल,’ मित्र मराठीत पुटपुटला. मी त्याला कोपराने ढोसलं. कारण खरी गोम इथेच आहे. गाडी कितीही वेळा रिस्टोअर करता येते, ओरिजिनल मात्र ती एकदाच असते. त्या पातळ रंगाखाली १९७०च्या कारखान्यातला माणूस आहे. त्याने कुठे स्प्रे जास्त मारला, कुठे खडूने खूण केली, कुठला स्क्रू वाकडा बसवला, हे सगळं नव्या रंगाच्या पहिल्या हाताबरोबर पुसलं जातं. पुढे दुसरी डस्टर रिस्टोअर करणाऱ्याला खरी गाडी कशी होती हे बघायचं असेल, तर तो अशाच गाडीकडे येणार. बड्या कार शोजमध्ये आता अशा न रंगवलेल्या गाड्यांसाठी ‘प्रिझर्व्हेशन’चा वेगळा वर्ग असतो, तो उगाच नाही.

आजोबांनी चावी दिली. क्लच जड, स्टिअरिंग पातळ, एबीएस वगैरे भानगड नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला आणि मागची चाकं बसल्यासारखी झाली, नाक वर! मित्र नुसता हसत होता.

बघायला जाताय? हे तपासा

• विंडशील्डच्या आतला, ड्रायव्हरच्या बाजूचा नंबर वाचा. पाचवं अक्षर ‘एच’ असेल तर जन्मजात ३४०. साध्या सहा सिलिंडरच्या डस्टरवर पट्टे चिकटवून ‘३४०’ बनवणारे कलाकार कमी नाहीत.

• बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते. त्यावर रंग, इंजिन, गिअरबॉक्स, सगळ्याचे कोड. ई५५ म्हणजे ३४०, एफजे५ म्हणजे लाइमलाइट. पट्टी आणि गाडी एकच गोष्ट सांगतायत ना?

• इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेले आकडे गाडीच्या नंबरशी जुळवा. ‘मूळ इंजिन’चा पुरावा तोच.

• मीटरवर पाचच आकडे असतात. लाख मैल झाले की पुन्हा शून्य! त्यामुळे मीटरपेक्षा पेडलचं रबर आणि दाराची बिजागरी जास्त खरं बोलतात.

• फ्रिजवरचं चपटं मॅग्नेट खिशात ठेवा. मागच्या चाकांच्या आसपास ते चिकटलं नाही, तर रंगाखाली लांबी भरली आहे.

• डिकीची मॅट उचला, गाडीखाली आडवे व्हा. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. मागच्या पाट्यांच्या जोडापाशी गंज असेल, तर गोड बोलून निघा.

आणि मग तो प्रश्न

आमच्या तपासणीत सगळं जुळलं. किंमत एका नव्या, बऱ्यापैकी एसयूव्हीएवढी. मित्राकडे बोनस होता, लोनही तयार होतं. तो आकड्यावर येणार तोच आजोबांनी विचारलं, ‘हिवाळ्यात कुठे ठेवणार?’

मित्र अपार्टमेंटमध्ये राहतो. पार्किंग उघड्यावर. त्याने खरं ते सांगितलं. आजोबांनी शांतपणे बॉनेट बंद केलं. म्हणाले, आधी एक जण येऊन गेला, त्याला यात नवं इंजिन बसवायचं होतं. पैसे जास्त देत होता. ‘त्याला नाही म्हटलं. तुला नाही म्हणत नाही. आधी छप्पर बघ, मग ये.’

परतताना मित्र चिडला होता. विकायला काढली आहे ना, मग पैसे घ्या आणि द्या! मला मात्र आजोबांचं पटलं. मिशिगनचे दोन हिवाळे उघड्यावर काढले, की पंचावन्न वर्षांची राखण मिठात विरघळली. पैसे भरले की गाडी आपली होते हे खरं. पण ती तशीच राहावी, तर दर महिन्याला काहीतरी करावं लागतं: भाडं, बॅटरीचा चार्जर, इथेनॉलने कुरतडलेल्या पेट्रोलच्या नळ्या बदलणं. हा हप्ता कुठलीच बँक आधी सांगत नाही.

दोन आठवडे मित्र धुमसला. मग त्याने वीस मिनिटांवर एक बंद गॅरेज भाड्याने घेतलं आणि त्याची पावती घेऊन आजोबांकडे गेला. किंमत एक डॉलरही उतरली नाही. डस्टर आता त्याची आहे. शिवण अजून उसवलेलीच आहे, आणि तो ती कुणाला शिवू देत नाही.

तुमच्या गावच्या वाड्यात आजोबांची पद्मिनी किंवा काकांची येझदी धूळ खात उभी असेल, तर हे सगळं तिलाही लागू. दिवाळीच्या सुट्टीत गेलात की आधी बॅटरी काढून ठेवा, टायरमध्ये हवा भरा, वरची कौलं गळतायत का ते बघा. पेंटरला फोन करायची मुळीच घाई नाही.